कानाला खडा

आडव्या व्हा, किस्तमानबाई. मान माझ्या हातात सोडा.
डावीकडे. डोळे उघडेच राहू देत.

दिसली बुबुळांची थरथर.
खोली नाही फिरत, तुमचे खडे फिरतायत,
चुन्याचे, रव्याहून बारीक.
पडद्याच्या, तीन हाडांच्या पलीकडे,
शंखाला लागून पाण्याने भरलेल्या तीन कमानी आहेत,
तिथे वाट चुकून शिरलेत.

"चाळीस वर्षं दोरावर चालले," त्या म्हणतात,
"दरीवरून. डोक्यावर समोवार.
आणि परवा अंगणात पडले,
वाळत घातलेल्या जर्दाळूंत."

खाली मखाचकलाचा बाजार, भोंगे, भांडणं.
ते सगळं शंख ऐकतो. त्याचं काम अजून चोख.
कमानींतलं पाणी मुकं.
सांडेपर्यंत कुणाला ठाऊक नसतं ते.

आता उजवीकडे. थांबा.
आता कुशीवर, नाक जमिनीकडे.
खडे घरंगळतात, सावकाश,
आपल्या मऊ गादीकडे.

"तो दोरावरून गेला, त्या दिवशी
कानाला खडा लावला मी.
पुन्हा नाही म्हणून."

उठून बसा. पाय टेकवा.

त्या उभ्या राहतात.
लादीच्या फटीवर एक पाऊल ठेवतात,
त्याच्या नेमकं पुढे दुसरं,
हात पसरून.

मी खिडकी लावून घेते.