वरची मूठ

उदगीरच्या मोंढ्यातली आमची अडत उठून एकवीस वर्षं झाली.
वाटणीत थोरल्यांना तिजोरी गेली, मधल्यांना काटा,
पितळी पायली कुणालाच नको होती
म्हणून आमच्या वाट्याला आली.
बुडाशी उर्दूतला शिक्का, निजामाच्या वेळचा,
काठाला एक पोचा.
त्या पोच्यात सासऱ्यांचा अंगठा नेमका बसायचा.

यंदा भावकीचा मेळावा ठरला.
पुण्याच्या पुतण्यानं वंशावळ केली, फ्लेक्सवर, दहा बाय सहा:
वीरभद्रप्पा, त्यांचे मन्मथप्पा,
त्यांचे दोघे, दोघांचे नऊ,
फांद्या बारीक बारीक होत
खाली आमच्या श्रेयसपर्यंत.
मधोमध जागा सोडलेली.
‘काकू, तिथं पायलीचा फोटो टाकू. चकचकीत करून पाठवा.’

चिंच कोळली, मीठ घेतलं.
बाहेरून सोन्यासारखी निघाली.
आतून घासताना बोट अडलं.
बुडाच्या वर बोटभर, कडेकडेनं डाग दिलेला,
राखाडी, गोल, मोठा सफाईदार.
पायलीला दुसरं बूड होतं.

पालथी करून वाजवली.
पोकळ बोलली.

मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले, हात तसेच चिंचेचे.
अडतीत धान्य चाळणाऱ्या बायांची मजुरी
याच पायलीनं मोजली जायची, मागच्या दाराला,
दिवेलागणीच्या आधी.
कितीजणींनी पदर पसरून, समोर उभं राहून,
डोळ्यांनी बघत बघत
कमी नेलं.

आणि मग ती मूठ आठवली.

लग्नाच्या पाचव्या दिवशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं:
‘पायली भरली की वर एक मूठ घालायची. आपल्या घरची रीत हाय.’
का, विचारलं.
‘रीत म्हणलं की. घाल. मोजू नको.’
त्यांना गुरुबाईनं सांगितलेलं,
गुरुबाईला भागीरथीनं,
भागीरथीच्या मागं नाव माहीत नाही,
नुसता हात.

त्या मुठीवर आमच्या घराचं नाव झालं.
सढळ हाताची माणसं, म्हणायचे लोक मोंढ्यात.
सासरे ऐकून घ्यायचे, टोपी सारखी करायचे.
सासूबाई मात्र कुणी असं म्हटलं
की आत निघून जायच्या.
मला वाटायचं, लाजतात.

पट्टीनं बाहेरून मोजली, आतून मोजली,
फरकाची ज्वारी परातीत काढली.
दीड मूठ भरली, माझ्या हातानं.
सासूबाईंचा हात मोठा होता.
की त्यांना तेवढीच जमत होती?

बाजारात परवा शेवंताची नात भेटली,
आता तहसीलमध्ये क्लार्क आहे, स्कूटीवर होती.
‘बऱ्या आहात का काकू?’
बरी आहे म्हटलं.
अर्ध्या मुठीचं कसं काढणार
भर रस्त्यात, गाडी चालू असताना.

फोटो पाठवला. वरून काढलेला, आतला,
डागाची कड दिसेल असा.
फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूला मी पेनानं
गुरुबाई लिहिणार आहे, भागीरथी लिहिणार आहे,
तिच्यावर एक उघडा तळवा काढीन, येईल तसा.
पुतण्याचं उत्तर लगेच आलं:
‘काकू, आतला नको. बाहेरून काढा ना, शिक्क्याचा.’

रात्री कुकर लावला.
माणसं दोन. पेला एक पुरतो.
पेला झाल्यावर हात पुन्हा डब्यात गेला
आणि तांदळात तसाच राहिला थोडा वेळ,
मिटलेला.