डभोईला अकरा सेकंद

पूर्वी आमचे बेचाळीस राउटर,
आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं.
आठशे एकसष्ट जोड्या.
नवा एक आला की बेचाळीस ओळखी करून द्यायच्या,
लग्नघरात नव्या जावयाच्या करतात तशा.
मग मांडवीजवळच्या या खोलीत
एक मधला बसवला.
सगळ्यांनी याला सांगायचं, यानं सगळ्यांना.
हा वाट सांगतो,
वाटेत उभा राहत नाही.
ज्याचा निरोप फिरून त्याच्याच दारी आला
तो आपलं नाव बघून गुपचूप टाकून देतो.

काल रात्री सव्वादोनला
मकरपुऱ्यात जेसीबीनं केबल उचकटली.
चार लाख वाटा एकदम बदलल्या.
प्रोसेसर सत्त्याण्णववर, पंखे किंचाळायला लागले.
हर्षिल म्हणाला, "ताई, आ तो बेसी गयुं."
मी म्हटलं, थांब.
चाळीस शेजारी, चाळीसांचे नियम तेच,
तर मजकूर एकदाच लिहायचा
आणि नकला काढायच्या.
मीच बसवलं होतं हे, मार्चमध्ये, कुणी विचारलं नव्हतं.
नव्वद. साठ. बावीस.
चहा येईपर्यंत निवलं सगळं.

फक्त डभोई.
डभोई अकरा सेकंद अंधारात.
बाहेर पडायची दुसरी वाट होती, आणंदवरून.
मधल्याला ठाऊक होती संध्याकाळपासून.
पण तो उत्तम तेवढी एकच पुढे देतो,
बाकीच्या स्वतःपाशी.
त्याची चूक नाही,
असंच सांगितलंय त्याला.

उपेंद्र आणि अप्पा सहा वर्षं बोलत नाहीत.
तो नडियादला, अप्पा दांडिया बाजारात,
मधे मी.
याच्या बोलण्यातलं बरं तेवढं त्यांना,
त्यांचं निवडून, खडे काढून, याला.
दिवाळीत उपेंद्र म्हणाला होता,
"येऊ का एकदा? भांडण झालं तर झालं."
मला ती वाट बरी दिसली नाही.
अप्पांना म्हटलं, मजेत आहे, तुमची चौकशी करत होता.

सकाळी सहाला एक ओळ बदलली:
दोन्ही वाटा पाठव.
मेमरी थोडी जास्त जाते. जाऊ दे.
हर्षिलनं वहीत वेळ लिहिली, सही केली,
डबा उचलला.
मी जिन्यातच थांबून फोन लावला.
"अप्पा, दिवाळीतलं एक राहिलंय सांगायचं.
तो बोलला तसंच सांगते. मधे बोलू नका."

पलीकडे त्यांचा पंखा फिरतोय.
ऐकू येतोय.