अर्धी पट्टी खाली

तुझ्या मोबाईलमधला काटा लाल होतो,
सहाही तारांवर लाल,
आणि शर्टाचं बटण उघडं राहिल्यासारखं
तू मला हळूच सांगतोस,
काका, गिटार अर्ध्या सुरानं उतरलीय.

उतरली नाही रे. उतरवलीय.
पांढरी तीनची तार काळी दोनवर,
बाकीच्या पाच तिच्या मागोमाग,
घाट उतरणाऱ्या केळीच्या ट्रकांसारख्या, एकमेकींत तेवढंच अंतर ठेवून.

का, तर भुसावळचा मे महिना.
लेस्ली गार्ड, रेल्वे क्वार्टरातले,
ज्यांनी मला पहिला जी मेजर धरायला शिकवला,
म्हणायचे, रुळांच्या सांध्यात फट सोडतात बघ,
नाही सोडली तर ऊन लागून लोखंडाचा साप होतो.
तारेलाही सोड जरा.

बोटांचंही आहेच.
पन्नाशीनंतर सैल तार बरी, ओढली की येते, भांडत नाही.
आणि बारीक तार तेव्हा जळगावहून आणावी लागे,
ती ऐन लग्नात तुटली की
नवरदेवाचा मामा तुटलेल्या तारेकडे नाही, तुमच्याकडे बघतो.

ही कारणं खोटी नाहीत.
मी ती नंतर जमवली,
रात्री उशिरा दार वाजवण्याआधी माणूस जमवतो तशी.

रत्नप्रभा सैंदाणे गायची आमच्यात. अमळनेरची.
दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई,
रात्री 'स्वरतापी ऑर्केस्ट्रा', पट्टी काळी चार.
गळ्याचं ऑपरेशन झालं, टाके सुकले,
दिवाळीनंतर तालमीला आली
आणि अंतऱ्यातल्या त्या एका जागेवर
आवाज पोचला, टेकला, आणि सटकला.
पुन्हा घेतली. पुन्हा तेच.
पाणी प्यायली. म्हणाली, धूळ आहे फार.
आम्ही म्हणालो, हो, दीपनगरची राख.
त्या दिवशी वारा उलटा होता.

यावलच्या लग्नात, ती साडीची पिन लावत होती तेवढ्यात,
भंगाळेनं कीबोर्डचं एक बटण दाबलं,
आकड्यामागे वजा एक. झालं त्याचं.
सरफराज तडवीला काहीच करायचं नव्हतं,
ऑक्टोपॅडला कुठली पट्टी.
मीच तेवढा स्टेजच्या मागे, जनरेटरच्या धडधडीत,
कान लाकडाला लावून
एकेक खुंटी ढिली करत होतो,
खिसा कापणाऱ्यासारखा.

ती गायली.
त्या जागेवर आली, आणि पाय ठेवला,
जिना तिथं होता.
पांढरी पाच. मांडवात कुणाला काय कळणार,
वांग्याच्या भरिताची पंगत बसली होती.

परतीला फाटक बंद.
जीपमध्ये आम्ही सात जण, मांडीवर वाद्यं,
आणि ती काचेला डोकं टेकून, डोळे मिटलेले, म्हणाली,
मना अर्धा सूर कोनी चोरा रे?

भंगाळे बाहेर बघू लागला.
सरफराज खोकला.
मी गिटारच्या कव्हरची चेन लावली, आधीच लागलेली होती.

मालगाडी आली.
भोंगा वाजवत आली, वर, ताणलेला,
आणि आमच्यासमोरून सरली तसा
तोच भोंगा, तोच ड्रायव्हर,
खाली उतरून तापीकडे निघून गेला.
तिनं बोट वर केलं, वर्गात करतात तसं.
ऐकं का, म्हणाली.
मग लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.
फाटक उघडल्यावर तिला कुल्फी हवी होती.
रात्री एकला. थंडीत. डॉक्टरनं नाही सांगितलेली.

त्यानंतर नऊ वर्षं गायली.
आता नाही गात. फोन करते, पुतण्याच्या लग्नात ये म्हणते,
गिटार आण म्हणते, पट्टीचं काही बोलत नाही.

वर चढवायला मिनिटभर पुरतं, मला माहीत आहे.
तुझ्यासोबत वाजवायचं तर हा घे कॅपो,
पहिल्या पडद्यावर लाव,
तुझा काटा हिरवा होईल.
खुंट्यांना मात्र हात लावू नकोस.