तीळ भिजेपर्यंत

सिंथियानात, बी-बियाण्यांच्या जुन्या दुकानाला लागून
आमचं हे दुकान. काचेच्या कपाटात
ड्रॉपरच्या तपकिरी बाटल्या, मलमाच्या डब्या, कॅप्सूल,
आणि अस्वलाच्या आकाराच्या गमी,
त्या मी लहान मुलांच्या हातापासून
दोन फळ्या उंच ठेवतो.
मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
'बरं होतं' असं इथे म्हणायचं नाही.
'काही लोकांना बरं वाटतं', इथवर चालेल.

ओपल रॅटलिफ मंगळवारी आल्या.
बोटं सुजलेली, अंगठी गळ्यातल्या साखळीत.
तोंडात तीळ भिजत नाही अशी बाई.
दारापासून काउंटरपर्यंत येईतो मला कळलं
कुणाच्या गाईला जुळं झालं,
पाद्री केस कुठल्या रंगानं रंगवतो,
आणि ज्या कोठारात हर्शेल चाळीस वर्षं
तंबाखू टांगत आला
तिथे आता भाचा हेम्प टांगतो.
"तुळया त्याच रे. वास परका.
आत गेले की दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं."

मी रोजची टकळी सुरू केली.
हे फुल स्पेक्ट्रम. झाडात होतं ते बहुतेक सगळं,
टीएचसीसुद्धा, अगदी नखाएवढा,
पण नोकरीच्या तपासणीत दिसू शकतो.
हे ब्रॉड. सगळे आहेत, तो एक वगळून.
आणि हे आयसोलेट, नुसता सीबीडी,
वास नाही, चव नाही, सोबतीला कुणी नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"म्हणजे आमचा चर्चचा क्वायर.
हा पुरता. ह्यातून बेसूर माणूस तेवढा काढलाय.
आणि ही ईस्टरची मार्जोरी, एकटीच, डोळे मिटून."
तसंच म्हणा, मी म्हणालो.
"तो बेसूर हर्शेलच होता.
सव्वीस वर्षं शेवटच्या रांगेत.
ऑर्गनवाल्या बाईनं तीनदा सांगून पाहिलं,
नुसते ओठ हलव म्हणून.
तो ज्यात आहे ती बाटली दे."

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का,
हे मला विचारावंच लागतं.
होती. आधी डॉक्टरांना भेटा, म्हटलं.
लोक हो म्हणतात आणि दुसऱ्या दुकानात जातात.
ह्या गुरुवारी चिठ्ठी घेऊन हजर:
अगदी थोडं घ्या, दोन आठवड्यांनी रक्त तपासू.

मग शिकवलं. इतकंच, ह्या रेघेपर्यंत,
जिभेखाली. दीड मिनिट धरायचं, मग गिळायचं.
तोवर बोलायचं नाही.
"अजिबात?"
अजिबात.
त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या
जणू मी त्यांचे दात मागितले होते.

झाकण दाबून फिरवायचं. पोरांपासून जपणारं,
आणि दुखऱ्या बोटांनाही न जुमानणारं.
मी तिथे उघडून दिलं.
घरी कोण उघडणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

महिन्यानं परत आल्या.
बोटांचं काय, मी विचारलं.
"काही दिवस बरी. काही दिवस बोटंच ती.
तेलानं की उन्हानं, देव जाणे."
मग बराच वेळ काही नाही.
मी बिल फाडत होतो, म्हणून आधी लक्षात आलं नाही.
"त्या दीड मिनिटात," त्या म्हणाल्या,
"कोठाराचं दार ऐकू येतं. फ्रीज. कुत्र्याचं झोपेतलं धावणं.
जेवताना हर्शेल बोलायचा नाही.
मला वाटायचं घुम्या आहे, राग धरून बसलाय.
मी कधी थांबलेच नाही रे,
त्यानं तोंड उघडावं तरी कुठे?"

मी म्हणालो, दुसऱ्या प्रकारचं झाकण येतं,
सहज उघडतं, बदलून देऊ?

"नको. रोज साडेनऊला भाचा येतो
हे उघडायला.
येताना बूट दाराशी काढतो, 
बाटली देतो,
आणि मी गिळेपर्यंत समोर बसून राहतो.
होतं तेच असू दे."

बाटली पर्समध्ये टाकून त्या निघाल्या.
पाद्र्याच्या केसांबद्दल
त्या दिवशी चकार शब्द नाही.