पसरा

सोळा लाद्या.
टेबल सरकवून मोजल्या, वायरींच्या गुंत्याखालच्याही.
घरभरच्या मिळून एकशे बारा
(न्हाणीघर धरलं नाही, बाबांना ते पटेना),
म्हणजे बरोबर सातवा हिस्सा.
सातवा हिस्सा विजेच्या बिलाचा, पंख्याचा,
गेल्या वर्षी कौलं परतली त्या मजुरीचा.
वायफाय मात्र पुरतं माझं,
घरात दुसरं कोण वापरतं?

कागदावर नीट आकडे मांडून
शुक्रवारी हळदोण्याहून म्हापशाला गेले,
चोरिसांच्या माळा चुकवत
केंकऱ्यांचा जिना चढले.

पगारदार ना तुम्ही, त्यांनी विचारलं.
हो.
मग स्टँडर्ड डिडक्शन, पंचाहत्तर हजार.
पण मी घरून काम करते.
घरून करा, होडीत बसून करा,
सगळ्यांना तेवढंच.
स्वतःचा धंदा असता तर बसवलं असतं काहीतरी.
चष्मा काढून त्यांनी कागद परत दिला,
मागची बाजू कोरी आहे हो, म्हणाले,
फुकट घालवू नका.

बाबा हसले. बरेच दिवसांनी हसले.
ह्याच सोळा लाद्यांवर
एकतीस वर्षं त्यांचा पसरा होता,
नारळ, कांदे, रॉकेल, सुतळी,
आणि खिळ्याला टांगलेली उधारीची वही.
दर जूनमध्ये केंकऱ्यांचे वडील
ह्याच जिन्यावरच्या त्याच खोलीत
अर्धं वीजबिल दुकानावर टाकायचे,
तराजूलासुद्धा घसारा मिळायचा.

लाद्या त्याच, मी म्हटलं.
लाद्यांना कोण विचारतं गो, बाबा म्हणाले,
पाटी होती.
तुझ्या कामाला पाटी कुठाय?

खरंच नाही.
गुळाचा डबा जिथे असायचा
तिथे आता माझी खुर्ची,
आणि मुंग्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.
कीबोर्डापर्यंत येतात,
एंटरपाशी घुटमळतात,
आल्या वाटेने परत जातात.
मीटिंग चालू असली की बाबा
देवाची घंटा हाताने धरून ठेवतात,
नुसतीच हलवतात.
हे कुठल्या रकान्यात घालायचं
ते मी केंकऱ्यांना विचारलं नाही.

सोमवारी, सातच्या सुमाराला, लाइट गेली.
मोबाइलच्या नेटवर, बॅटरीच्या जिवावर
हैदराबादला तिमाहीचे आकडे वाचत होते,
तर खिडकीवर टकटक.
दुकानाची ती बुटकी खिडकी,
मी अजून बुजवलेली नाही.
बाहेर कायतान, टोपी हातात.
बाय, वाती आसात गो?

दुकान बंद होऊन चार वर्षं झाली
हे त्याला ठाऊक आहे.
आमच्यानंतर चौकात दोन दुकानं झाली
तेही ठाऊक आहे.
पण अंधारात पाय
जुन्या सवयीने इकडे वळले असतील.

मी आवाज बंद केला.
हैदराबाद विचारत राहिलं, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.
आतल्या फडताळातल्या दोन मेणबत्त्या आणून दिल्या.
नको नको म्हणेपर्यंत त्याने
उंबऱ्याएवढ्या त्या फळीवर दहाची नोट ठेवली,
उडू नये म्हणून माझा माऊस तिच्यावर.
बाकीचे वहीत लिही, म्हणाला,
आणि वात न पेटवताच गेला, वाट पाठ असल्यासारखा.

वही कुठून आणू.
केंकऱ्यांचा कागद हाताशी होता.
उलटा केला, स्क्रीनच्या उजेडात लिहिलं:
कायतान, वाती दोन,
जमा दहा, बाकी सहा.

आतून, काळोखातून, बाबा म्हणाले,
तारीख घाल.