सही जुळत नाही

निफाडचा पारा पाचवर उतरल्याची बातमी
पेपरात उद्या येईल.
मला पहाटे चारलाच कळली,
उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडून.

उठायचं म्हणजे लगेच उठायचं नसतं.
आधी पांघरुणातच मूठ.
मूठ कसली, फुगलेलं दार,
चौकटीत बसत नाही.
मिटते, उघडते, पुन्हा मिटते,
अकरा, बारा, तेरा…
मोजायची सवय आहे या हातांना.
अठ्ठावीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे कोरे ताव तपासले.
कुठे शाई फाकली, कुठे आकडा सरकला,
बोट आधी थांबायचं,
डोळा मागून पोचायचा.
आणि आडनाव पगार.
नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी हसून घ्यायचा.

आता नळाला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळलीय.
कुकरचं झाकण समोरच्या अल्ताफभाईंचा झैद
शाळेत जाताना उघडून देतो,
म्हणून आमचं वरण सातच्या आत शिजतं.
गोळ्यांचं पाकीट कात्रीनं.
ब्लाउजच्या हुकांना कायमची रजा,
शिंप्यानं चिकटपट्टी लावून दिली,
काढताना खर्रकन वाजते
आणि मी एकटीच असून लाजते.

मोठी गोळी सोमवारची. फक्त सोमवारची.
घेतली की कॅलेंडरच्या चौकटीत
कपाळावरची टिकली काढून लावते,
म्हणजे चुकून दुसऱ्यांदा नको.
मंगळवारी चहासुद्धा लोखंडासारखा लागतो.
बुधवारी मी परत माणसात.

डॉक्टर विचारतात, दुखणं एक ते दहात किती?
पोळी लाटताना सहा.
फडकं पिळताना नऊ.
रिक्षाचा दांडा धरून चढताना विचारू नका.
आणि कुणी म्हटलं, "तुम्ही तर छान दिसता की,"
तर मी मोजणंच थांबवते.

गेल्या गुरुवारी बिटको चौकातल्या बँकेत
काचेमागच्या पोरानं माझा चेक
उजेडाकडे धरला,
अगदी मी धरायचे तसा.
"मावशी, सही जुळत नाही."

खरंच जुळत नव्हती.
'शै'च्या दोन मात्रा एकमेकींवर रुसलेल्या,
'गा'चा काना आडवा पडलेला,
'र' तर वाटेतच बसून राहिलेला.
माझ्या टेबलावर आला असता,
तर हा ताव मीही बाजूला काढला असता.

"अंगठा देता का मग?"
आवाज मऊ होता त्याचा.
शाईची डबी पुढे सरकली.

आई कळवणच्या सोसायटीत अंगठा द्यायची
आणि घरी येईपर्यंत तो मुठीत लपवायची.
मी पहिल्यांदा सही केली तेव्हा
तिनं कागद उचलून फुंकर घातली होती.
बॉलपेनची सही होती,
वाळायला काही नव्हतंच.

डबी मी परत सरकवली.
रागानं नाही.
म्हटलं, नव्या सहीचा फॉर्म द्या.

पेनाला भांड्याचा स्पंज,
त्यावर कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं.
कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले
की दहा मिनिटं बोटं माझं ऐकतात.
त्या दहा मिनिटांत, जुन्या वहीत,
पगार पगार पगार पगार.
झैद डोकावला. "काकू, शिक्षा झाली का?"
"झाली रे. पण शंभर वेळा नाही.
हात म्हणेल तितक्याच वेळा."

'शैलजा' सोडून दिली.
नुसतं 'पगार', जाड, बुटकं,
उतरणीला लागलेलं.
पण पान संपेपर्यंत एक लक्षात आलं,
ते दर वेळी एकाच जागी वाकडं होतं.
याला आम्ही प्रेसमध्ये दोष म्हणायचो.
बँकेत सही म्हणतात.

फॉर्म बुधवारी नेऊन देईन.
सोमवारी गोळी आहे.