आठवं नाव

क्लाक्सव्हीकच्या मासळी कारखान्यात
रान्व्हा मुकादम झाली, तेव्हा
हेड ऑफिसनं सात पुस्तकांची यादी धाडली:
माणसं कशी सांभाळावीत, वगैरे.

ती गाडीत ऐकायची.
तिसरं पुस्तक सांगत होतं, आधी ऐकून घ्या,
तेवढ्यात समुद्राखालचा बोगदा आला
नि आवाज तुटला.

पाळीवर येग्वान म्हणाला, कानातलं काढ.
पट्टा कण्हतोय बघ.
तिला काहीच ऐकू येईना.
तो सुरी पुसत थांबला. घाई नव्हती त्याला,
एकतीस वर्षं झाली होती.

मग आलं. खर्र,
आणि मधेच कुणी आवंढा गिळल्यासारखं.

यादीच्या तळाशी तिनं पेन्सिलीनं लिहिलं:
पट्टा क्रमांक दोन. पहाटे, दिवे लागायच्या आधी.
पुन्हा ऐकायचा.